खुर्चीवर टाकलेला कोट

मी कोट बोलतोय. राखाडी रंगाचा, दोन गुंड्यांचा, आतून निळं अस्तर लावलेला. कुणी मला जुना म्हटलं तर मी भांडत नाही. पण गबाळा म्हणाल तर ऐकून घेणार नाही. माझी कॉलर आजही ताठ आहे.

मालकाच्या लग्नासाठी मला शिवलं. तेव्हा तो नुसता काडीपैलवान होता. मी अंगावर चढलो आणि त्याला खांदे आले. लग्नात जो तो माझं कौतुक करत होता आणि खोटं कशाला बोलू, त्यानं माझ्या डोक्यात हवा गेली. पुढे मला उसना न्यायचीच रीत पडली. मेहुणा मुलाखतीला घेऊन गेला, शेजाऱ्यांचा भाचा फोटो काढायला.

या सगळ्यांच्या अंगावर राहून मी एक गोष्ट शिकलो. आपल्याला दोन हात आहेत हे पुरुषाला फक्त कॅमेऱ्यासमोर आठवतं. मग ते कुठे ठेवू आणि कुठे नको असं होतं. एक माझ्या खिशात, दुसरा कमरेवर, लगेच पुन्हा खाली, आणि शेवटी दोन्ही पुढे बांधून गडी शिक्षा झाल्यासारखा उभा. हनुवटी वर, पोट आत, श्वास कोंडलेला. आणि "नॅचरल येऊ दे हं," असंही तोच सांगणार.

मालकाचं लग्न काही टिकलं नाही. भांडणतंटा न करता दोघं वेगळी झाली. मुलगी बापाकडे राहिली आणि मी कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. माझी कुणाला आठवणही राहिली नसावी.

गेल्या महिन्यात कपाट उघडलं ते मुलीनं. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती, आणि जायच्या आधी बापाला डेटिंग अ‍ॅपवर आणायचं तिच्या मनानं घेतलं होतं.

"या वयात हे काय काढलंस?" मालक कुरकुरला.

"वयाचं नंतर बघू. आधी तुझे फोटो दाखव."

दोनच निघाले. एक ओळखपत्रावरचा, आणि एक काळा चष्मा लावून दुसऱ्याच कुणाच्या तरी मोटारीला टेकलेला.

"बाबा, यात तू गाडी विकायला आल्यासारखा दिसतोस," ती म्हणाली.

मग माझी पाळी आली. घातलं, तर गुंडी लागेना. मी काही वाढलो नव्हतो. कोण वाढलं होतं ते सांगायला नको. मुलीनं माझी मागची शिवण उसवली, आत टाचण्या मारल्या, आणि पुढून मी चापूनचोपून बसलो. फक्त मालकाला वळता येईना की वाकता येईना. मोठा श्वास घेतला की टाचणी टोचायची. रक्ततपासणीच्या केंद्रात दिवसभर लोकांना सुई टोचणारा माणूस, त्याचीच अशी गत झाली.

"हस ना," मुलगी म्हणाली.

"हसतोय की."

"याला दात दाखवणं म्हणतात."

खिडकीशी झालं, भिंतीशी झालं, पुस्तक हातात देऊन झालं. प्रत्येक फोटोत मी झकास, आणि वर मालकाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. शेवटी ती वैतागून मटकन बसली.

"तुझे पेशंट असे आखडून बसले तर तू काय करतोस रे?"

"कोट-स्वेटर काढायला लावतो. मग काहीबाही बोलत राहतो. सुईकडे लक्ष गेलं की माणूस दगड होतो."

"मग काढ की."

आणि मला खुर्चीवर फेकलं. हो, फेकलं. मला राग आला, का नाही येणार?

त्यानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि टेबलापाशी तिच्यासमोर बसला. तिनं डावा हात पुढे केला, उजव्यात फोन धरला. त्यानं मनगट धरलं, कोपराच्या खळीत बोटानं शीर चाचपली. त्याचे खांदे खाली आले. हातांना त्यांचं काम सापडलं होतं.

"मूठ सैल सोड," तो म्हणाला. आवाजच बदलला त्याचा. "इकडे बघू नकोस. जेवलीस का? भीती वाटतेय?"

रोज सगळ्यांना तो हेच विचारत असणार. पण मुलीनं उत्तर दिलं.

"वाटतेय. मी गेल्यावर तू फोनवर सगळं ठीक आहे म्हणशील, आणि मी ते खरं मानेन. त्याचीच भीती वाटतेय."

मालकानं तिचा हात सोडला नाही. सुई नव्हतीच, तरी अंगठा शिरेवरच होता.

"मलाही वाटते गं," तो म्हणाला. "संध्याकाळची जास्त."

तेव्हा तिनं फोटो काढला.

आजवर मी एकतर त्याच्या अंगावर होतो नाहीतर कपाटात, त्यामुळे त्याचा चेहरा मला कधी नीट दिसलाच नव्हता. तो खुर्चीवरून दिसला. माझा राग तिथंच गेला.

"हा नको," मालक फोटो बघून म्हणाला. "घाबरलेला दिसतोय मी."

"दिसू दे. आहेस ना?"

त्यानं फोन हातात घेतला, फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाला, "बरं. लाव."

मुलगी गेली. मला मात्र कुणी परत कपाटात ठेवलं नाही. मी अजून इथंच आहे, पाठ उसवलेली, टाचण्यांसकट. मध्ये एका बाईंचा निरोप आला. त्यानं तो मोठ्यानं वाचला म्हणून मला कळलं. "फोटोत तुम्ही कुणाचं तरी मनापासून ऐकताय, म्हणून लिहावंसं वाटलं." त्या फोटोत मी नाही, याचं थोडं वाईट वाटलंच. पण थोडंच.

तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद लटकत असेल. थंडी असेल, समारंभ असेल तर त्याला जरूर बाहेर काढा, त्यालाही बरं वाटतं. पण कुणीतरी आपल्याला ओळखावं म्हणून फोटो काढत असाल, तर त्याला खुशाल बाजूला टाका. तो रुसेल, मग निवळेल.

थांबा, फोन वाजतोय. या वेळेला मुलीचाच असतो.

"ठीक आहे," मालक म्हणतोय. "सगळं ठीक आहे."

मग तो माझ्याच खुर्चीवर टेकला, माझी बाही त्याच्या मांडीखाली अडकली.

"नाही गं, ठीक नाही," तो म्हणाला. "आजची संध्याकाळ फार जड गेली. उद्या त्या बाईंना भेटायला जायचंय, तर मी आत्तापासूनच घाबरलोय. तू बोल जरा वेळ माझ्याशी."