साहेबांची परात

भिलाईत कारखाना अजून वाढतच होता, तेव्हाची गोष्ट. सेक्टरच्या टोकाला, धुरापासून लांब, तेजरामच्या क्वार्टरच्या गच्चीवर कारखान्याच्या लॅबमधल्या शामसुंदरसाहेबांनी पाणी भरून एक मोठी परात ठेवली आणि त्याच्या बायकोचा, मनकर्णेचा, भाव एकदम वधारला. दूरदेशी चाचणीसाठी अणुबॉम्ब फोडतात, त्यांची विषारी धूळ वाऱ्यावरून आपल्याकडे उतरते का, हे त्या पाण्यावरून मुंबईला तपासणार होते. "साऱ्या भिलाईत आमचीच गच्ची पसंत पडली," हे मनकर्णा नळावर रोज ऐकवायची.

महिना भरला. "आज साहेब येतीन, परात उतरवून ठेव," एवढंच सांगून तेजराम लॅबमध्ये कामाला गेला. पाण्याला हात लावू नको, हे सांगायचं काही त्या शहाण्याला सुचलं नाही.

मनकर्णा भंडाऱ्याकडची. दुसऱ्याचं भांडं मळकं परत करायचं नाही आणि रिकामं तर मुळीच नाही, याचं तिला बाळकडूच मिळालेलं. तिने गढूळ पाणी मोरीत ओतलं, परात राखेने लख्ख घासली, तिळाचे लाडू रचले आणि वर फडकं झाकलं.

दुपारी तेजरामला घेऊन शामसुंदरसाहेब जीपने आले. त्यांनी फडकं उचललं.

"यातलं पाणी कुठंय?"

"फेकलं जी. लय घाण झालतं."

तेजरामच्या तोंडचं पाणी पळालं.

"महिना वाया गेला," साहेब म्हणाले. "आता परात दुसरीकडे न्यावी लागेल."

"साहेब, नळाचं पानी भरून देतो, थोडी धूळ टाकतो," तेजराम काकुळतीला आला. "मुंबईत कोनाले समजते?"

मनकर्णेचे डोळे भरून आले होते, पण हे ऐकून ती भडकलीच. "खोटं पानी कावून धाडता? चूक माही हाय. लिहा साहेब, मनकर्णाबाईनं परात धुतली. न्याची तर न्या."

साहेबांनी एक लाडू उचलला.

"तसंच लिहितो. आणि परात इथंच राहील. अशी गच्ची मला दुसरी कुठं मिळायची?"

पुढच्या महिन्यात मनकर्णेने परात स्वतः खाली आणली. पाण्यात मेलेले किडे, तळाशी काळा गाळ. नळावरच्या बायका जमल्या.

"कावून वं, या खेपेले लाडू नाही?" सिंधुताईने टोमणा मारला. "रिकामीच देतं का?"

आयुष्यात पहिल्यांदा न घासलेलं भांडं चारचौघींत मिरवत मनकर्णा ताठ मानेने जीपकडे निघाली.

"रिकामी कावून देईन, बाई? भिलाईचं सारं आभाळ हाय त्यात."