कपाटाची फळी

समिती दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. आमच्या पुनर्वसन विभागात दर वेळी हेच व्हायचं: निधी संपला की संशोधन गुंडाळायचं, माणसं पांगायची, नवा निधी आला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. यंदा प्रथमच विद्यापीठ आम्हाला कायमचं केंद्र द्यायला निघालं होतं. पक्षाघातानंतरच्या आमच्या व्यायामपद्धतीचे आकडेच तसे होते.

मोजमाप साधं. भोकं पाडलेली लाकडी पाटी, खुंट्या आणि स्टॉपवॉच. दुबळ्या हाताने खुंट्या भरायच्या. वेळ कमी लागला, म्हणजे हात सुधारला.

शिंपीकाका सगळ्यांत वेगवान. समितीपुढे त्यांनी पाटी भरून दाखवावी, अशी विनंती करायला मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं. काका टेबलाशी बसले होते आणि पुढ्यात पाटी होती. आमची नव्हे. भोकं तेवढीच, अंतरही तेच, लाकूड मात्र जुन्या कपाटाचं.

मी दारातच थिजले.

"ये की! रंगीत तालीम चाललीय," काका म्हणाले.

"ही कुठून आणलीत?"

"भाच्याकडून करून घेतली. कपाटाची फळी सत्कारणी लागली. बाकीच्यांनाही दिल्यात."

"बाकीच्यांना म्हणजे?"

"तुझ्या खोलीबाहेर बाकावर बसतो ते सगळे. मास्तर तर पैजा लावतात."

"पेपर फोडून पहिला नंबर काढलाय यांनी," काकू म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी काकांच्या शर्टाची बटणं लावली. पाहुणी आली म्हणून.

"काका, बटणं तुम्ही लावत नाही?"

"छे! जमतंय कुठे."

"आणि मी दिलेले व्यायाम?"

"ते टॉवेल पिळणं वगैरे? केव्हाच सोडले. कंटाळा येतो गं."

माझे आलेख, तक्ते, छापून आलेले शोधनिबंध; सगळं त्या फळीवर उभं होतं.

"पण का केलंत असं?"

"घड्याळ थांबवलंस की तुझा चेहरा कसा उजळायचा! आणि मागच्यासारखं बंद पडलं, तर आम्ही कुठे जायचं?"

मी तिथूनच विभागप्रमुख मॅडमना फोन लावला. "आकडे बरोबर आहेत, पण ते हात सुधारल्याचे नाहीत. लोकांनी घरी परीक्षेचाच सराव केलाय."

पलीकडून प्रश्न आला.

"तू बोलली नसतीस, तर कुणाला कळलं असतं?"

"आज नाही. पण केंद्र कायमचं आहे ना मॅडम? कधीतरी कळलंच असतं."

"मग उद्या ये आणि हेच सांग. केंद्राचं मात्र विसर." फोन बंद झाला.

काकांचा चेहरा उतरला होता. "म्हणजे आम्हीच बुडवलं?"

मी त्यांच्या पुढ्यातली पाटी बाजूला सरकवली. "निधी संपेपर्यंत खोली आहे आपली. सोमवारी सगळे या. घरी काय काय जमत नाही, ते सांगा. ते मी कधी विचारलंच नव्हतं."

काकूंनी माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"सोमवार कशाला? आत्ताच ऐक," त्या म्हणाल्या. "सकाळी उठल्यावर पहिला नळ. तो यांना सोडता येत नाही."