पेटीखालचा आवाज

शववाहिनीच्या ड्रायव्हरला डेपोत सगळे मौनी म्हणत. बोलणं मुळातच बेताचं, त्यात या कामावर आल्यापासून तोंडाला कुलूपच लागलं होतं. गाडीत बसणाऱ्यांना आपल्या गप्पांची गरज नसते, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

पण अलीकडे गाडीच बोलायला लागली होती. मागून, फरशीच्या खालून, अधूनमधून ‘ठक’ असा आवाज यायचा. आधी त्याला वाटलं, जॅक आपटत असेल. जॅक काढला, स्टेपनी उतरवली, मागचं दार दोरीने करकचून बांधलं. तरी ठक. शेवटी त्याने फोरमनच्या कानावर घातलं. फोरमनने गाडीखाली डोकावून पाहिलं आणि म्हणाला, “स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश गेलेत.” बुश बदलून झाले. मौनीने गाडी मुद्दाम खड्ड्याखड्ड्यांतून फिरवून आणली, तर हूं की चूं नाही. डेपोच्या दारात गिअर टाकून क्लच सोडला, आणि पुन्हा ठक.

“खड्ड्यात येत नाही,” तो फोरमनला म्हणाला, “म्हणजे पाटे नव्हेत. गाडी जागेवरून उचलताना येतो, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की परत येतो. चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा मागचा सांधा, तो क्रॉस, सैल झालाय, नाहीतर डिफरन्शियलच्या दात्यांत गॅप पडलाय. उघडून बघायला हवं.”

“उघडली की गाडी अडकून पडणार. दुसरी आहे का आपल्याकडे?” फोरमन हात पुसत म्हणाला. “आणि तुझ्या पॅसेंजरांनी कधी तक्रार केलीय?”

आजूबाजूचे हसले. मौनीलाही हसू आलं. विषय तिथेच बारगळला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याला एका मुलीला तिच्या गावी पोचवायला पाठवलं. नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी. सकाळी ऑफिसचा जिना चढताना कोसळली आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. आई गावाहून धावतपळत आली होती. ती रडत नव्हती. नर्सला, डॉक्टरांना, वॉर्डबॉयला, दिसेल त्याला एकच सांगत होती, “अहो, काल संध्याकाळी बोललेय मी तिच्याशी.” बरोबर आईचा थोरला भाऊ होता. त्यानेच सह्या केल्या, पेटी गाडीत चढवायला हात लावला, आणि मग मौनीशेजारी येऊन बसला. आई मागे, पेटीला लागून असलेल्या बाकावर.

गाडी हॉस्पिटलच्या आवारातून निघाली तेव्हा ठक झालं. पहिल्या सिग्नलला थांबून निघताना पुन्हा झालं. शहर मागे पडलं, एका वळणावर मौनीने पाय उचलला, तेव्हा दोनदा झालं. लगेच मधल्या काचेवर थापा पडल्या.

“थांबवा. गाडी थांबवा. ती आतून वाजवतेय.”

मौनीने गाडी एका बंद वखारीसमोर कडेला घेतली. दोघं मागे धावले. आई गुडघ्यांवर बसून पेटीचे स्क्रू नखांनी काढायला बघत होती. तिच्या एका बोटातून रक्त येत होतं.

“अगं, ऐक माझं,” भाऊ तिचे हात धरत म्हणाला. “डॉक्टरांनी तपासलंय तिला.”

“डॉक्टर काय सांगतात, दादा. तिचा श्वास कोंडला असेल. तू ऐकलं नाहीस का?”

“ताई, तो आवाज गाडीचा आहे,” मौनी म्हणाला. “मागच्या शाफ्टचा. पुष्कळ दिवसांपासून येतोय.”

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हा माणूस आपल्या लेकीला जिवंत गाडायला निघालाय. भावाने हळूच विचारलं, “उघडून दाखवायची का एकदा?” मौनीने नकारार्थी मान हलवली. चेहरा तर तिने हॉस्पिटलातच पाहिला होता, जवळून, हात लावून. डोळ्यांनी पाहिलेलं तिला पटलं नव्हतं आणि आता कानांनी ऐकलेलं पटलं होतं. जे काही करायचं ते कानांशीच करायला हवं होतं.

“पेटी खाली उतरवू,” तो म्हणाला. “तुम्ही तिच्याजवळ बसा, कान लावून. मी रिकामी गाडी चालवतो. आवाज कुठून येतो ते तुम्हीच ठरवा.”

पलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं. तिथली माणसं काही न विचारता आली, आणि सगळ्यांनी मिळून पेटी वखारीच्या ओट्यावर ठेवली. आईने झाकणावर गाल टेकला आणि डोळे मिटले.

मौनी गाडीत बसला. गिअर टाकला, क्लच सोडला. ठक. थोडं पुढे जाऊन थांबला, रिव्हर्स टाकला. ठक. उन्हातल्या त्या शांत रस्त्यावर आवाज चांगला खणखणीत आला. आरशात त्याला आई दिसत होती. ती हलली नाही.

“पुन्हा,” ती म्हणाली.

तो पुन्हा पुढे गेला, पुन्हा मागे आला. ती प्रत्येक वेळी “पुन्हा” म्हणे, आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज खाली खाली जाई. कामावरची माणसं मान खाली घालून उभी होती. एका क्षणी ‘पुन्हा’ आलंच नाही. मौनीने इंजिन बंद केलं.

“आतून काहीच येत नाही,” आई म्हणाली. आणि सकाळपासून पहिल्यांदा ती रडली, ओट्यावर अंग टाकून, पेटीला दोन्ही हातांनी कवटाळून. भाऊ तिच्या पाठीवरून हात फिरवत बसला. मौनी गाडीच्या दाराशी उभा राहिला. त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं. मुलगी सकाळी गेली होती, पण आईपुरती ती आत्ता गेली, आणि ते त्याने आपल्या पायांनी, क्लच दाबून सोडून, केलं होतं.

बऱ्याच वेळाने तिने तोंड पुसलं.

“तुम्हाला ठाऊक होतं, गाडी आवाज करते ते?”

“होतं.”

“मग माझ्या मुलीला हिच्यात का घातलंत?”

“जाऊ दे गं,” भाऊ म्हणाला.

फोरमनचं नाव मौनीच्या जिभेवर आलं होतं, ते त्याने गिळलं.

पेटी पुन्हा चढवली. उरलेल्या रस्त्यात त्याने जिवाचा आटापिटा केला. पाय एका जागी धरून ठेवला, गिअर बदलायचं होईल तितकं टाळलं, समोर कुणी आडवं आलं तर लांबूनच वेग उतरवत आणला. तरी रेल्वेचं फाटक लागलं, चढ लागला, आणि आवाज आलाच. आरशात त्याला दिसे, ठक झालं की आई पेटीवर तळवा ठेवते, झोपेत दचकलेल्या मुलावर ठेवावा तसा. तिला आता सगळं ठाऊक होतं, तरी हात जात होता.

गावातल्या स्मशानात माणसं वाट पाहत होती. पेटी त्यांच्या खांद्यांवर गेली. जाताना भावाने मौनीचा हात हातात घेतला आणि तसाच सोडला. आईने वळून पाहिलं नाही.

डेपोत परतल्यावर त्याने गाडी थेट दुरुस्तीच्या खड्ड्यावर नेऊन उभी केली आणि चावी स्वतःच्या खिशात टाकली. फोरमन आला.

“उद्या सकाळी दोन फेऱ्या आहेत तुला.”

“नाहीत,” मौनी म्हणाला. “आधी उघडायची.”

त्याचा चेहरा बघून फोरमनने वाद घातला नाही. शाफ्ट खाली उतरवला. मागच्या क्रॉसची एक वाटी काढली, तर आतून बेअरिंगच्या सुया नव्हे, गंजाची तांबडी भुकटी पडली. फोरमनने ती बोटांनी चोळली. “आणखी थोडी चालली असती तर शाफ्टच गळून पडला असता,” तो म्हणाला. “बरोबर होतं तुझं.”

तेव्हा मौनीने वखारीसमोरची हकीकत सांगितली. एवढं सलग बोलताना त्याला कुणी ऐकलं नव्हतं. पान्हे पुसत बसलेले सगळे ऐकत राहिले. फोरमन खड्ड्यातूनच, वर न बघता म्हणाला, “क्रॉस नवा घालतो. डिफरन्शियलही उघडतो.”

गाडी नीट झाली. मौनी अजून तीच चालवतो. फक्त हॉस्पिटलात पोचला की तो आधी रिकामी गाडी आवारात एकदा पुढे घेतो, एकदा मागे, खिडकी उघडी ठेवून. नातेवाइकांना वाटतं, वळवतोय.