चार बोटांची सावली

'मच्छिंद्र'मधला छ अर्धा झाला आणि सिद्दीकचा कुंचला थांबला. दौंड स्टेशनाबाहेर हौसरावांचा सिनेमाचा तंबू कालच लागला होता. त्याच्या दारातल्या बांबूंना टेकवलेल्या बोर्डावर पिवळ्या रंगात लिहायचं होतं: कला-दिग्दर्शक, आपल्या शिरूरचे मच्छिंद्र.

"'आपल्या शिरूरचे' जरा ठळक घ्या, पेंटर," खुर्चीवरून हौसराव म्हणाले. "आन् खाली ती चार बोटांची सावली. लोकं तिच्यापायीच येत्यात."

सिद्दीकनं नुसती मान हलवली. तोंड उघडलं असतं तर शिवीच गेली असती.

पोरवयात शिरूरच्या उरुसात त्यानं आणि मच्छिंद्रनं एक जुना मुका जर्मन पिक्चर पाहिला होता. घरं वाकडी, दरवाजे तिरपे, आणि सावल्या चक्क भिंतीवर रंगवलेल्या! माणूस निघून जायचा, सावली तिथंच. लोक हसत होते. हे दोघं मात्र तीन दिवस तंबूतून हलले नाहीत. पुढं दोघं मिळून नाटकांचे पडदे रंगवायला लागले, तेव्हा सिद्दीकनं एका खुनाच्या नाटकाला तसाच पडदा केला. वाकडा जिना, आणि भिंतीवरून वर चढणारा भलामोठा हात. त्यासाठी त्यानं स्वतःचा उजवा हात कंदिलापुढं धरला होता आणि त्याच्या बायकोनं, रोशनबीनं, कोळशानं कड काढली होती. अंगठ्याजवळचं बोट त्याआधीच तळेगावच्या गुऱ्हाळात, उसाच्या चरकात गेलेलं. म्हणून सावलीलाही चारच बोटं.

"ह्यो पडदा दे मला," मच्छिंद्र म्हणाला होता. "पुण्याला स्टुडिओत दावतो. काम लागलं तर दोघांना लागंल."

त्याला आता सात वर्षं झाली. एक कार्ड आलं नाही. रोशनबी काही बोलली की सिद्दीक तिच्यावरच खेकसायचा, "भाऊ हाय त्यो माझा! बोलावणार म्हंजी बोलावणार."

काल संध्याकाळच्या खेळाला, मच्छिंद्रचं नाव असलेला पिक्चर म्हणून, तो हौसेनं तिला घेऊन आला. आताशा खुनाच्या सगळ्याच पिक्चरांत वाकडे जिने आणि काळोख असतो, पण पडद्यावरचा हा जिना त्याचा होता. हात त्याचा होता. त्या सावलीपायी गोष्टीतला खुनीसुद्धा चार बोटांचा केला होता.

बायकांच्या बाजूनं बाहेर आलेली रोशनबी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"तुमचा हात हाय त्यो."

"असतील कुनाचे असलेच."

"कड म्या काढलीया. मला वळखू येत न्हाई व्हय?"

मग तिनं पदर सारखा केला आणि घराची वाट धरली. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

आता त्यानं उरलेलं नाव पुरं केलं. घाई केली नाही, अक्षर कुठं वाकडं होऊ दिलं नाही. मग उजव्या हाताला गुंडाळलेली रंगाची चिंधी सोडली. सकाळचं ऊन पाठीवर होतं. त्यानं हात उचलला, तशी बोर्डावर लांबच लांब सावली पडली. डाव्या हातातल्या कोळशानं त्यानं तिची कड काढली आणि आत काळा रंग भरला.

"वा रं पठ्ठ्या!" चहाचा ग्लास घेऊन मागं आलेले हौसराव ओरडले. "पिक्चरमधली हुबेहूब उचलली की! येक बोट दुमडलंत व्हय?"

सिद्दीक वळला. ग्लास घ्यायला त्यानं तोच हात पुढं केला.

हौसरावांचं हसू जागीच राहिलं. त्यांनी हाताकडं पाहिलं, मग बोर्डाकडं, मग पुन्हा हाताकडं.

"ह्ये... कवाचं?"

"धा वर्सं झाली, मालक."

"आन् मग ह्ये मच्छिंद्र..." म्हणत हौसरावांनी नावाकडं बोट नेलं.

"वलं हाय अजून," सिद्दीक चहा फुंकत म्हणाला. "हात लावू नका. पुसलं जाईल."