कमरेतली चूक

गादी कारखान्याच्या बाईंना जन्मात कुणी "तुम्हाला जमत नाही" असं म्हटलं नव्हतं. नवरा गेल्यावर कारखाना त्यांनीच ओढला. कापूस भरायला माणसं होती, टाके घालायला माणसं होती, पण शेवटी काठीनं झोडपून गादी सारखी करायचं काम त्या कुणाच्या हाती देत नसत. नवी जोडपी गादी न्यायला आली की लाजून खाली बघायची, आणि बाई मुद्दाम मोठ्यानं विचारायच्या, टाके दुहेरी घालू का म्हणून. त्यांच्या स्वतःच्या गादीची एक बाजू मात्र कितीतरी वर्षं कोरीच्या कोरी होती.

मग खांदा धरला. डॉक्टरांनी झोडपणी बंद करून हलका व्यायाम सांगितला. मुलाला आयतंच फावलं, कारण आई हलल्याशिवाय त्याला मालक म्हणून मिरवता येत नव्हतं. त्यानं तिला हायवेलगतच्या मैदानावर गोल्फची शिकवणी लावली. एक काठी सोडवायची म्हणून दुसरी हातात दिली. पोराची अक्कल बापावर गेलेली, दुसरं काय.

शिकवायला एक मास्तर होते. विधुर, कान मोठे, अंगाला साबणाचा वास, आणि बोलणं इतकं अदबीचं की बाईंना वाटलं हे विमा विकायला आलेत. त्यांची शिकवायची पद्धत एकच. शिकणाऱ्याच्या मागे उभं राहायचं, दोन्हीकडून हात पुढे घेऊन त्याच्या हातांवर ठेवायचे, आणि दोघांनी मिळून काठी फिरवायची. हात लावण्याआधी दर वेळी विचारायचे, "परवानगी आहे?"

पहिल्या दिवशी बाईंनी परवानगी दिली नाही. काय ते लांबून सांगा म्हणाल्या. मास्तर लांबून सांगत राहिले, दांडा इतका आवळू नका, हातात पाखरू आहे असं समजा.

"समजते की," बाई म्हणाल्या. "पण सैल धरलं की उडून जातं मास्तर, अनुभव आहे मला."

मास्तरांचे कान लाल झाले. तेवढ्यात बाईंनी काठी फिरवली आणि ऑफिसच्या खिडकीची काच गेली. मग मात्र इलाज उरला नाही. बाईंनी परवानगी दिली, तीही मान ताठ ठेवून, उपकार केल्यासारखी.

जवळच्या भोकात चेंडू ढकलायचा धडा आला तेव्हा मास्तर कानाशी हलक्या आवाजात सांगत होते की घाई नको, जोर नको, काठापर्यंत नेलं की पुढचं आपोआप होतं. आमच्या ह्यांना हे कुणी वेळेवर सांगितलं असतं तर, असं बाई म्हणाल्या. मास्तर तोंडानं हसले नाहीत, पण बाईंना ते पाठीला कळलं.

आता जिनं जन्मभर गाद्या झोडपल्या तिला काठी फिरवायला काय शिकवायचं? पुढच्याच शिकवणीला मास्तर चेंडूंची बादली भरायला आत गेले, आणि बाईंनी एकटीनं मारलेला चेंडू लांबच्या निशाणापलीकडे जाऊन पडला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. मास्तर परत आल्यावर त्यांनी चेंडूऐवजी मातीचं ढेकूळ उडवलं आणि मोठा सुस्कारा टाकला.

"कमरेत चुकतंय," मास्तर म्हणाले. "परवानगी आहे?"

तेव्हापासून ज्या हातानं कधी टाका चुकवला नव्हता, तो हात रोज सकाळी मन लावून चुकायला लागला. बाईंसारख्या बाईला सगळ्यांदेखत ढ ठरणं सोपं नव्हतं. पण त्या ठरल्या.

हे घरी पोहोचलंच. एके सकाळी मुलगा आणि सून दोघं मैदानावर हजर झाली. "नाही जमत तर नाही जमत, आई, त्यात लाज कसली," सून गोड आवाजात म्हणाली. मुलानं मास्तरांना बाजूला घेतलं, पण बाईंना ऐकू जाईल इतपतच. आज बघू, म्हणाला. जमलं नाही तर उद्यापासून शिकवणी बंद. आणि जमलंच, तर मग शिकवणी हवी कशाला.

बाईंनी विचार केला. चुकलं तर मास्तर गेले आणि वर सुनेचे दात दिसणार. लागलं तरी मास्तर गेलेच. मग दात तरी का बघा?

मास्तर मागे येऊन उभे राहिले. "परवानगी..."

"नको," बाई म्हणाल्या.

काठी सुंकन फिरली. चेंडू निशाणावरून, कुंपणावरून, पलीकडच्या झाडांत गेला. सुनेचे दात दिसले, पण आ वासल्यामुळे. मुलगा टाळ्या वाजवत म्हणाला की चला, शिकवणी संपली.

मास्तरांनी बादली उचलली, पुन्हा खाली ठेवली. "असा एक तुम्ही आधीही मारला होता," ते हळूच म्हणाले. "मी आत बादली भरत होतो. तुम्ही फोडलेल्या खिडकीतून स्वच्छ दिसलं."

बाईंची मान खाली गेली. हेही जन्मात पहिल्यांदाच. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मला कमरेत चूक दिसत होती," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले.

बाईंनी त्यांच्या लाल कानांकडे बघितलं. मग काठी त्यांच्या हातात दिली आणि मारा म्हणाल्या. मास्तरांनी पवित्रा घेतला, काठी फिरवली, आणि जन्म गोल्फमध्ये गेलेल्या माणसाचा चेंडू दोन हात घरंगळून गवतात बसला.

"तुम्ही दोघं घरी जा," बाई मुलाकडे न बघता म्हणाल्या. "मास्तरांना अजून बरंच शिकायचंय."

त्यांनी पदर खोचला, मास्तरांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि अगदी अदबीनं विचारलं, "परवानगी आहे?"