तालिसायचा राजा

"हा बघ, परत टाकले पत्ते!" तेओफिलोनं खुर्ची मागे सरकवली आणि पलीकडच्या टेबलावरच्या रोवेनाला हाक मारली. "इकडं ये जरा, दाय. शहाणा माणूस असा खेळतो का, सांग मला."

रोवेना त्याची साहेब, पण वयानं त्याच्या मुलीएवढी. म्हणून तो तिला धाकटीसारखं 'दाय' म्हणे आणि ती त्याला थोरल्यासारखं 'नोंग तेओ'. सेबू शहरातल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात काम चाले ते पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळणाऱ्यांसाठी. कुठली पोकर रूम, म्हणजे कुठली साइट, बरी, कुठली बुडवी, हे त्यांना सांगायचं. तेओफिलो ऑफिसच्या पैशांनी खेळे, थोडं जिंके, थोडं हरे, जिंकलेले पैसे हातात पडायला किती वेळ लागतो ते पाही. त्या साइटवर मदतीला बसलेल्या पोरांना मुद्दाम खुळ्यासारखे प्रश्न विचारी आणि शेवटी तारे देई. त्याआधी अर्धं आयुष्य त्यानं कसिनोत उभं राहून पत्ते वाटले होते. मनगटं गेली तशी नोकरीही गेली. बायको शेजारणींना सांगे, "आमचे हे आता परीक्षक झालेत." कशाचे, ते मात्र ती सांगत नसे.

त्या आठवड्यात पाळी होती 'हबागात' नावाच्या नव्या पोकर रूमची. पैसे वेळेवर मिळत होते, पत्ते सरळ पडत होते, मदतीची पोरंही गोड बोलत होती. खोट काढायला जागाच नव्हती, आणि खोट सापडली नाही तर तेओफिलोला आपण पगार फुकट घेतो असं वाटे. तेवढ्यात हे टेबल दिसलं. तीन खेळाडू आलटून पालटून एकाच माणसाशी भिडत. डाव फुगवत, पैशांवर पैसे लावत, आणि शेवटच्या पानावर समोरच्यानं किरकोळ काहीतरी पुढे सरकवलं की पत्ते टाकून, लावलेले सगळे पैसे त्याला सोडून मोकळे होत. समोरचा तो दर वेळी तोच. त्यानं स्वतःचं नाव ठेवलं होतं 'तालिसायचा राजा'.

रोवेनानं दोन-तीन डाव बघितले. "मिलीभगत आहे, नोंग. सरळ सरळ."

"तेच म्हणतोय मी. आणि किती उघड! लाज म्हणून नाही."

"मग टाका तक्रार. कितपत मनावर घेतात बघू. लोकांना हेच तर हवं असतं, की लबाड पकडले जातात का."

तेओफिलोनं साध्या चिडलेल्या गिऱ्हाइकाच्या भाषेत चौघांची नावं देऊन तक्रार लिहिली. जेवणाच्या सुटीआधीच उत्तर आलं. त्याचे आभार मानले होते आणि चौघांची खाती बंद केली होती. रोवेना खूश झाली. तिनं तेओफिलोला सुरक्षेची तारीफ लिहायला लावून पाचपैकी पाच तारे दिले, आणि त्या आनंदात सगळ्यांसाठी पुसो आणि सळईवरचं मांस मागवलं. माडाच्या पातीच्या पुडीत शिजवलेला तो भात सोलताना तेओफिलोलाही बरं वाटत होतं. बऱ्याच दिवसांनी त्याच्या जुन्या नजरेचा कुणाला तरी उपयोग झाला होता.

दुसऱ्या दिवशी फ्लोरदेलिझचा फोन आला. कसिनोत ती त्याच्या शेजारच्या टेबलावर पत्ते वाटायची, आता खाणावळ चालवत होती. तोंड मात्र तेव्हाचंच होतं. वयानं थोरली, म्हणून तो तिला 'नांग' म्हणे.

"मेल्या तेओ, आहेस का जिवंत?"

"आहे, नांग. बोला."

"तुझ्या त्या धंद्यात ओळखी असतील ना? हबागातवाल्यांना विचार, आमची चुगली कुणी केली. मला त्याचं थोबाड बघायचंय फक्त. वर्णन नको, फोटो पाठव."

"तुमची म्हणजे कुणाची?"

"माझी, आपल्या कसिनोतल्या पेपिंगची, मकावला गेलेल्या नेस्तोरची. आणि बिचाऱ्या नोंग इमोचं खातंही बंद केलं रे, कुत्र्यांनी."

"नोंग इमो पोकर खेळतात?"

"तालिसायचा राजा कोण मग? तालिसायला राहणारा दुसरा कुठला राजा तुझ्या ओळखीचा आहे?"

नोंग इमो म्हणजे माक्सिमो यबान्येझ, कसिनोतला त्यांचा वरचा साहेब. तेओफिलोला पत्ता कसा सरकवायचा, हात गिऱ्हाइकाला कसे उघडे दाखवायचे, हरलेल्याकडे कसं बघायचं नाही, हे सगळं त्यानं शिकवलं होतं. त्याची एक बाजू लुळी पडल्याचं तेओफिलोच्या कानावर आलं होतं. जाऊन येऊ म्हणता म्हणता ते राहूनच गेलं होतं.

"औषधांना पैसे पुरेनात," फ्लोरदेलिझ सांगत होती. "आम्ही पाकीट घेऊन गेलो, तर त्यानं ते अंगणात भिरकावलं. म्हणाला, मी मेलोय का, वर्गणी काढायला? मेल्यावर या, तेव्हा नाही म्हणणार नाही. मग पेपिंगच्या डोक्यातनं निघालं. म्हणाला, आपण बालातो देऊ. आम्ही कुठं जिंकलो, चार पैसे सुटले, की त्याच्या टेबलावर जाऊन त्याच्याशी हरायचं. त्याला बापड्याला काय कळतंय! त्याला वाटतंय हात परत आला आपला. गल्लीभर सांगत फिरलाय, म्हणजे खिडकीतनं."

बालातो हा शब्द ऐकून तेओफिलोच्या कानशिलांवर कुणी तरी मारल्यासारखं झालं. जिंकणाऱ्यानं भोवतीच्या माणसांना वाटायचा तो हिस्सा. कसिनोत असताना त्याच्या घरातला अर्धा तांदूळ अशाच बालातोवर आला होता. हे त्यानं ओळखायला हवं होतं. हा डाव न ओळखल्याबद्दल रोवेनाला माफी होती, त्याला नव्हती.

"आहेस का? का मेलास?" फ्लोरदेलिझनं विचारलं.

"बघतो, नांग," एवढंच तो म्हणाला. आपणच ते थोबाड, हे सांगायची हिंमत झाली नाही, आणि त्याची त्याला फार लाज वाटली.

त्यानं हबागातला पत्र लिहायला घेतलं. आपली चूक झाली, ही लबाडी नाही, हा आमच्याकडचा रिवाज आहे. अर्धं लिहून झालं आणि तो थांबला. मुद्दाम हरणं म्हणजे मुद्दाम हरणं, कारण काहीही असो, हा नियम आपण डोळ्यांत तेल घालून पाळतो असं त्यांनी छापलं होतं, आणि त्याची तारीफ खुद्द त्यानंच केली होती. शिवाय पुन्हा चौकशी लागली तर ते पहिल्यांदा नोंग इमोलाच विचारणार, ही माणसं तुमच्याशी मुद्दाम हरतात हे तुम्हाला माहीत होतं का? त्यानं पत्र पुसून टाकलं.

"एक तारा कमी करता येईल का?" त्यानं रोवेनाला विचारलं.

"का? नोंग, तुम्हीच तर पकडलंत त्यांना!" ती म्हणाली. ते खरंच होतं.

रविवारी चर्च आटोपून तो तालिसायला गेला. नोंग इमो खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसला होता, बायको क्लारिता आत भांडी धूत होती. डावा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडला होता. तेओफिलोनं वाकून त्याचा उजवा हात आदरानं आपल्या कपाळाला लावला.

"दोंग तेओ!" त्यानं धाकट्याला मारावी तशी हाक मारली. "बस, बस. कळलं का तुला? मला हाकललं!"

म्हाताऱ्यानं फोन त्याच्यापुढे धरला. "वाच. मोठ्यानं वाच, क्लारिताला परत ऐकू दे."

"'आपल्या जिंकण्याचा क्रम नेहमीपेक्षा वेगळा आढळल्याने आपले खाते बंद करण्यात येत आहे.'"

"नेहमीपेक्षा वेगळा!" नोंग इमोच्या तोंडाची एकच बाजू हसली, पण पुरेपूर हसली. "मी कसिनोत असताना दारुडे सोडून, नुसत्या खेळासाठी किती जणांना बाहेर काढलं? दोघांना. त्यांच्यापुढं कसिनोच टिकत नव्हता. आता तिसरा मी."

"खरं आहे, बॉस."

"अर्धं अंग गेलं, पण डोकं बघ!" त्यानं खिशातून चाचपून घडी घातलेली नोट काढली आणि ती तेओफिलोच्या खिशात कोंबली. "बंद करायच्या आधी थोडे काढून घेतले होते. हा तुझा बालातो. नाही म्हणायचं नाही."

बालातोला नाही म्हणणं म्हणजे देणाऱ्याच्या नशिबाला नाट लावणं. तेओफिलोनं नोट राहू दिली.

"आता तू मला सांग," म्हातारा पुढे वाकला. "तुझं कामच ते. सगळ्या पोकर रूम तुझ्या नजरेखालून जातात. दुसरी कुठली चांगली आहे? अशी की, जिंकणाऱ्याला घाबरून दार लावत नाही."

अशा चांगल्या पाच-सहा तरी तेओफिलोला तोंडपाठ होत्या. तिथं अनोळखी पोरांनी नोंग इमोला एका दुपारीत सोलून काढलं असतं.

"एकही नाही," तो म्हणाला.

"एकही नाही?"

"तुमच्यासाठी नाही, बॉस. बाकीच्यांसाठी आहेत. तुम्हाला कुणीच ठेवून घेणार नाही. आता तुमचं नाव झालंय सगळीकडं."

नोंग इमोनं समाधानानं मान हलवली आणि फोन बाजूला ठेवला. "ऐकलंस ना, क्लारिता? परीक्षक सांगतोय."

नांग क्लारिता त्याला फाटकापर्यंत सोडायला आली. ओले हात झग्याला पुसत तिनं हळूच विचारलं, "तेओ, फ्लोरदेलिझला विचारायची लाज वाटते रे मला. आता ती पोरं पैसे कशातनं पाठवणार?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"संसारभर त्याच्याशी पत्ते खेळले मी. समोरचा खरंच हरतोय की मुद्दाम, हे त्याला कधी कळलंय? मीच मुद्दाम हरत आले ना."

"ती तक्रार मी केली, नांग," तेओफिलो म्हणाला. "मला माहीत नव्हतं ते आहेत म्हणून."

तिनं त्याच्याकडे बघितलं. ती रडली असती किंवा चार शिव्या दिल्या असत्या, तर त्याला सोपं गेलं असतं.

"त्याला सांगू नकोस," ती म्हणाली.

रस्त्यानं मासळीवाला सायकल ढकलत चालला होता. नोंग इमोनं त्याला खिडकीतून हाक मारून थांबवलं आणि आपल्याला हाकलल्याचं पहिल्यापासून सांगायला घेतलं.

"एवढं जिंकत होतात?" मासळीवाल्यानं विचारलं.

"मग!" नोंग इमो म्हणाला.