पेवातल्या भुताचा निम्मा वाटा

"निघ! निघ म्हणतो ना सटवे!"

मठातल्या खप्परबाबानं घोंगडं दोरानं पेवात सोडलं, गरगरा फिरवलं, हिसका मारून वर ओढलं आणि चिंचेच्या फोकानं बडवायला लागला. घोंगड्यातून धूळ उडाली. गर्दीला ती भुताची राख वाटली. बाया पदर तोंडाशी धरून मागं सरकल्या, बापे हात जोडून पुढं झाले.

गावाच्या वरच्या अंगाला, मुरमाड माळावर, घरोघरची पेवं होती. जमिनीत खोल खणलेले खड्डे, आत कडब्याचं अस्तर, पोटात वर्षाची ज्वारी, तोंडावर शिळा आणि शेणमातीचा लिंपा. साल १९४८, श्रावण महिना. रस्त्यांवर हत्यारी टोळ्या फिरत होत्या, जवळा बाजारचा बाजार भरत नव्हता. पेवात आहे त्यावर सुगी गाठायची, एवढाच विचार घराघरात चालला होता. आणि नेमकं त्याच साली पेवात भूत शिरलं. उतरेल तो माणूस आत कोसळायचा. दोघं तसे गेले. तिसरा गेला तो चतुराबाईचा थोरला, सोनाजी.

आज पाळी उकंडरावाच्या पेवाची होती. बाबानं शिंक्यात पणती ठेवून आत सोडली. वर आली ती विझलेली.

"गिळली! ज्योत गिळली भुतानं!" बाबा किंचाळला. "लई दांडगं हाय! हे बंगाल्यातून आलेलं, हाडं चघळणारं, सात पिढ्यांचं उपाशी!"

परत घोंगडं, परत फोक, परत शिव्या. सकाळपासून हेच चाललं होतं. उन्हं कलली तेव्हा कुठं पणती जळत वर आली. मग बाबानं डोळे पांढरे केले, आरोळी ठोकली आणि पेवात उतरला. ज्वारीची ओंजळ उधळत जिवंत बाहेर आला. जयजयकार झाला. उकंडरावाची निम्मी ज्वारी मठाच्या गाडीत पडली. भूत म्हणे हवा खाऊन राहायचं, बाबाला मात्र ज्वारीच लागायची.

चतुराबाई गर्दीत उभी होती. पोरगा जाऊन आठवडा झाला होता. घरातली कणगी तळाला गेली होती, माळावर सोनाजी गेला ते पेव परत झाकलं होतं, दुसरं फोडलंच नव्हतं, आणि भुताच्या भीतीनं एकही गडी त्यांना हात लावायला तयार नव्हता.

बाबानं तिच्याकडं बोट केलं. "हिच्या पेवातलं भूत साधं न्हाई. ते घरातल्याच बाईनं बसवलंय. सोनाजी उतरला त्या दिवशी लिंपा कुणी फोडला?"

"पेमानं," कुणीतरी बोललं.

झालं. बाबाच्या दोन चेल्यांनी पेमाला केसांना धरून ओढत आणलं. सोनाजीची विधवा, जेमतेम वीस वर्षांची. तिला गाडीच्या चाकाला बांधलं आणि ओल्या दोराचे फटके सुरू झाले.

"बोल, कोण हाईस तू?"

"मी पेमा."

फटका. "खरं बोल!"

"सोनाजीची बायको."

"पाहा, कसं खोटं बोलून राहिलं भूत!" आणि परत फटका. चोळी फाटली, पाठीवर रक्त आलं. बांगड्या तर आठवड्यापूर्वीच फुटल्या होत्या, आता ओठ फुटला. शेजारची खतीजाबी ओरडली, "अरे, मर जायेगी पोरगी!" तिला लोकांनी ढकलून मातीत पाडलं.

चतुराबाई जागची हलली नव्हती. पोरगा गेला त्या रात्री ती स्वतःच सुनेला 'पांढऱ्या पायाची' म्हणाली होती. पण आता तिची नजर पेमावर नव्हती, बाबावरही नव्हती. ती त्या पणतीकडं बघत होती. परवाच्या पेवालाही ती हजर होती. तिथंही असंच झालं होतं. पणती विझली की बाबा पेवाच्या काठापासून हातभर लांब, पणती जळाली की बाबा आत. मंत्र दोन्ही वेळी तोच.

ती तडक रिंगणात शिरली, चेल्याच्या हातातला दोर हिसकला आणि बाबाच्या तोंडावर असा ओढला की भस्मावर लाल पट्टा उमटला.

"भूत मंत्रानं मरतं, तर तू पणतीला काहून विचारतो रे मुडद्या?"

उकंडराव गर्दीतून पुढं झाला.

"वहिनी, भूत कोपंल," उकंडराव चाचरत बोलला.

"कोपू दे, भावजी. पोरगा गेला, सून अर्धी मेली, घरात लेकरं भाकरीच्या तुकड्यासाठी एकमेकांला ओरबाडून राहिली. अजून कोपायचं काय ऱ्हायलं?" तिनं पहार उचलली. "हे माझं दुसरं पेव. आत्ता फोडते. घोंगडं न्हाई, पणती न्हाई. बाबा, तुमी निस्ता मंत्र म्हणा आन् उतरा. निम्मी न्हाई, सारी ज्वारी तुमची."

लिंपा फुटला, शिळा सरकली. आतून आंबूस, कोंदट वाफ वर आली. बाबा दोन पावलं मागं गेला.

"आज तिथी बराबर न्हाई."

"भुताला तिथी कळती व्हय? कुणी शिकवलं त्याला?"

कुणीतरी हसलं. चतुराबाईनं जळता कंदील दोरीनं आत सोडला. काठावरच्या साऱ्यांनी वाकून पाहिलं. अर्ध्यावर गेला आणि कुणी फुंकर मारल्यासारखा विझला. बाबानं पळायला पाय उचलला, तो गर्दीच्या हातात सापडला.

मघाशी ज्यांनी त्याच्या पायाचं तीर्थ घेतलं तेच आता त्याला लाथा घालत होते. एकानं दात पाडला, दुसऱ्यानं फोक त्याच्याच पाठीवर मोडला. चेले कधी पसार झाले ते कळलंही नाही. चौघांनी बाबाला उचलून पेवाच्या तोंडावर उलटा धरला.

"नका! माय, नका!" तो रडायला लागला. "मंत्रबिंत्र काई न्हाई! आत विखारी वाफ असती! तोंड उघडं ठेवून घोंगडं हलवलं का निघून जाती! पणती जळली का माणूस जगतो! सोडा मला!"

"टाका खाली!" गर्दी ओरडली.

चतुराबाईनं त्याच्या कमरेला मिठी घातली आणि मागं ओढलं. "टाकू नका! आत मेला तर उद्या तुमीच म्हणाल, भुतानं नेला. जिता ठेवा आन् जे आत्ता बोलला ते गावोगाव बोलू द्या."

खतीजाबीनं पेमाला चाकापासून सोडवून आपल्या घरी नेलं. मग बाबाला त्याच चाकाला बांधलं, मठाच्या गाडीतली ज्वारी खाली घेतली. उकंडराव मान खाली घालून म्हणाला, "आमचा बा पेव फोडलं का रातभर उघडं ठेवायचा. आमाला वाटलं, ते देवाचं कायतरी असंल."

ते देवाचं नव्हतं. बंद खड्ड्यात दाणा चांगली हवा खाऊन टाकतो, जड विषारी हवा तळाला साचते. तिथं ज्योत विझते आणि माणूसही. जुन्या माणसांनी पेव उघडं ठेवायची रीत घालून दिली, पण कारण सांगितलं नाही. यंदा टोळीच्या धाकानं लोक घाईघाईत लिंपा फोडायचे आणि तसेच आत उड्या टाकायचे. भूत शिरलं ते असं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तोवर पेव उघडंच होतं. चतुराबाई आणि खतीजाबीनं घोंगडं हलवलं, कंदील सोडला. तो तळाशी जाऊनही जळत राहिला. तरी गडी एकमेकांकडं बघत उभे.

खतीजाबीच्या घरून पेमा आली. पाठीवर हळदीचा लेप होता.

"आत्याबाई, मी उतरते."

चतुराबाईनं स्वतःच्या हातानं तिच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं. ती जमलेल्यांकडं वळली.

"ऐका. माझ्या पोराला भुतानं न्हाई मारलं. कोंडलेल्या हवेनं मारलं, आन् घाईनं. आजपासून कुणी भूत दाखवलं का आधी विचारा, कंदील काहून विझला? उत्तर सापडस्तोवर कुणाच्या लेकीवर हात उचलू नका. देवाला भ्या, पण डोळे मिटून न्हाई."

टोपल्यामागून टोपली वर येत गेली. शेवटची घेऊन पेमा स्वतः वर आली, घामानं पाठीची हळद ओघळली होती. तिनं ढिगाकडं पाहिलं.

"सुगीपर्यंत पुरंल, आत्याबाई?"

चतुराबाईनं ज्वारीत हात घातला, दाणे बोटांतून गळू दिले.

"पुरंल," ती म्हणाली. "खाणारं एक तोंड कमी हाय."